बुधवार सोडून चार रात्री

१९६० चा उन्हाळा. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील मॅनहॅटन टॉवर्स हॉटेलच्या कुबट वासाच्या नृत्यदालनात, मळक्या गालिच्यावर, १९ वर्षांची एक मुलगी गिटार घेऊन उभी आहे. समोर दोन मायक्रोफोन आहेत, एक गळ्यासाठी आणि एक गिटारसाठी. ध्वनिमुद्रणासाठी चार रात्री मिळाल्या आहेत, त्यांत बुधवार मात्र नाही, कारण त्या रात्री इथे बिंगोचा खेळ भरतो.

ही अमेरिकन लोकगायिका जोन बाएझ, आणि हे तिच्या पहिल्या तबकडीचे ध्वनिमुद्रण. आदल्या वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात लोकगायक बॉब गिब्सन यांनी त्यांना आपल्यासोबत मंचावर गायला बोलावले आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. कोलंबियासारख्या बड्या ध्वनिमुद्रण कंपनीचा पर्याय समोर असूनही त्यांनी व्हॅनगार्ड ही लहान कंपनी निवडली. निर्माते मेनार्ड सॉलोमन यांनी वाद्यवृंदाचा सोस धरला नाही. काही गाण्यांना 'द वीव्हर्स' या लोकगीत गाणाऱ्या चमूच्या फ्रेड हेलरमन यांच्या दुसऱ्या गिटारची साथ आहे, एवढेच. हा संयम आम्हाला फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळेच शब्द आणि श्वास दोन्ही स्पष्ट ऐकू येतात.

'सिल्व्हर डॅगर' या पहिल्याच गाण्यात एक मुलगी प्रियकराला विनवते की प्रेमगीत गाऊ नकोस, माझी आई जागी होईल. आणि ती आई उजव्या हातात चांदीचा खंजीर धरून शेजारीच झोपलेली आहे. 'मेरी हॅमिल्टन' हे स्कॉटलंडचे जुने कथागीत बाएझ यांनी एकदाच गायले आणि तेच तबकडीवर आले. राजापासून झालेले मूल समुद्रात सोडून देणारी राणीची दासी फासाकडे निघते, पण गाणाऱ्या आवाजात रडण्याचा सूर कुठेच नाही. ज्या निश्चल स्वरात गुन्हा सांगितला, त्याच स्वरात शिक्षाही सांगितली जाते, आणि म्हणूनच ती काळजाला भिडते.

पुढे या तबकडीला सुवर्ण तबकडीचा मान मिळाला आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तिचा राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत समावेश केला.

एकूण १३ गाण्यांपैकी शेवटचे, 'एल प्रेसो नुमेरो नुएवे', स्पॅनिश भाषेत आहे. बाएझ यांचे वडील, भौतिकशास्त्रज्ञ अल्बर्ट बाएझ, मूळचे मेक्सिकोतील पुएब्लाचे. त्या घराची भाषा मुलीच्या पहिल्याच तबकडीवर अशी उतरली. गाण्यातला नऊ क्रमांकाचा कैदी मृत्युदंडाची वाट पाहत कोठडीत बसला आहे, आणि पाद्र्यापुढे कबुलीजबाब देतानाही आपल्या कृत्याचा त्याला पश्चात्ताप नाही.