दहा सिरिंजांचं खोकं

[दृश्य: ब्रिटनमधली रुग्णवाहिका, मागचं दार उघडं. फळीवर सारखी दिसणारी बंद खोकी.]

या प्रत्येक खोक्यात दहा सिरिंज आहेत. काही खोक्यांत अ‍ॅड्रेनलिन, काहींत नुसतं सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी. बाहेरून फरक फक्त क्रमांकाचा. कुठल्या खोक्यात काय आहे, हे इंजेक्शन देणाऱ्या पॅरामेडिकला, म्हणजे रुग्णवाहिकेतल्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यालाही ठाऊक नाही.

डिसेंबर २०१४ ते ऑक्टोबर २०१७. लंडन, वेल्स आणि इंग्लंडमधल्या आणखी तीन भागांतल्या रुग्णवाहिका सेवा. घरात, रस्त्यावर, दुकानात हृदय बंद पडलेली ८०१४ माणसं. वॉरिक विद्यापीठाने चालवलेल्या या चाचणीचं नाव होतं पॅरामेडिक-२.

हृदय बंद पडलं की अ‍ॅड्रेनलिन द्यायचं, हा शिरस्ता १९६० च्या दशकापासूनचा. छाती दाबूनही, शॉक देऊनही हृदय सुरू झालं नाही की दर तीन ते पाच मिनिटांनी एक मिलिग्रॅम. औषध रक्तवाहिन्या आवळतं, हृदयाच्या स्नायूकडे रक्ताचा रेटा वाढतो. पण त्याच आवळण्यामुळे मेंदूतल्या बारीक वाहिन्यांत रक्त कमी पोहोचत असेल तर? प्राण्यांवरच्या प्रयोगांतून ही शंका आली होती. माणसांवर ती पडताळायची, तर काहींना औषध न देता पाहावं लागणार. ऑस्ट्रेलियात पर्थला तसा प्रयत्न आधी झाला होता. बाकीच्या रुग्णवाहिका सेवांनी अंग काढून घेतलं आणि ५३४ रुग्णांवरच तो थांबला.

[दृश्य: मनगटावरचं ‘या अभ्यासात मी नाही’ अशा अर्थाचं कडं.]

संमतीचं काय? बेशुद्ध माणसाला विचारणार कसं, आणि नातेवाइकांशी बोलत बसायला वेळ कुठला? म्हणून आधी जाहीर प्रसिद्धी झाली. ज्यांना सहभागी व्हायचं नव्हतं त्यांना असं कडं मिळायचं. वाचलेल्यांना नंतर सांगून पुढची परवानगी घेतली. मृतांच्या घरी मात्र आपणहून कुणी कळवायला गेलं नाही. शोकात असलेल्यांना आणखी त्रास नको, हे कारण. ते पटण्यासारखं आहे, पण ऐकताना मन थोडं अडखळतंच.

निकाल आला २०१८ मध्ये. अ‍ॅड्रेनलिन मिळालेल्या शंभरातल्या ३६ जणांचं हृदय पुन्हा सुरू झालं, सलाइनवाल्यांत १२ जणांचं. रस्त्यावर गुडघे टेकून बसलेल्या पॅरामेडिकला हेच दिसतं. नाडी लागते, औषध लागू पडलं असं वाटतं. पण महिनाभराने जिवंत किती? ३.२ टक्के आणि २.४ टक्के. मेंदू बऱ्यापैकी शाबूत ठेवून घरी गेलेले २.२ आणि १.९ टक्के. हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. वाचलेल्यांपैकी ज्यांच्या मेंदूला गंभीर इजा झाली, ते अ‍ॅड्रेनलिनच्या गटात ३१ टक्के, दुसऱ्या गटात जवळपास १८. चाचणीआधी संशोधकांनी सामान्य लोकांना विचारलं होतं, तुम्हाला काय हवं? बहुतेकांनी नुसत्या जगण्यापेक्षा धड मेंदूनिशी जगण्याला जास्त महत्त्व दिलं होतं.

[दृश्य: भिंतीवरचं शॉक देण्याचं यंत्र, शेजारून जाणारी माणसं.]

आता हा हिशेब बघा. ११२ जणांना अ‍ॅड्रेनलिन दिलं की एक जीव जास्त वाचतो. हृदय बंद पडलंय हे वेळीच ओळखलं, तर दर ११ जणांमागे एक. जवळच्या माणसाने लगेच छाती दाबायला घेतली, तर १५ मागे एक. शॉक लवकर मिळाला, तर पाचामागे एक. तिन्ही गोष्टी रुग्णवाहिका दारात पोहोचण्याआधीच सुरू होऊ शकतात.

अ‍ॅड्रेनलिन हद्दपार झालं नाही. मार्गदर्शक सूचनांत ते अजून आहे, कारण थोडे का होईना, जीव वाचतात. चाचणीत एक मात्र ठळक दिसलं होतं: फोन आल्यापासून पहिलं इंजेक्शन मिळेपर्यंत साधारण २१ मिनिटं गेली होती. म्हणून पुढचा प्रश्न निघाला. शीर शोधत बसण्यापेक्षा सरळ हाडात सुई घालून औषध दिलं तर? त्यासाठी पॅरामेडिक-३ झाली, सहा हजारांवर रुग्णांची. निकाल २०२४ मध्ये आला. महिनाभराने जिवंत राहिलेले हाडातून औषध दिलेल्यांत ४.५ टक्के, शिरेतून दिलेल्यांत ५.१. हाडाचा मार्ग सरस ठरला नाही.