निळी गाडी

दुपारचे साडेतीन. ठाणे, नौपाडा. बाहेर रिक्षांचे हॉर्न. जाड दार लागलं, की सगळं गप्प. आवाजबंद खोलीत चार वर्षांची मुलगी कानाच्या तपासणीला बसलीय, डोक्यावर मोठाले हेडफोन. लाकडी मणी गालाशी धरलाय. "चिमणीसारखा बारीक आवाज आला, की मणी डब्यात टाकायचा हं!"

पहिले दहा मणी पटापट पडतात. मग पाय हलू लागतात, नजर काचेपलीकडे आईला शोधते. आवाज होतो, पण मणी गालाशीच राहतो. आलेखावर खूण पडते ४० डेसिबलला. हवी होती २० च्या आसपास. कागद म्हणतो, हिला कमी ऐकू येतं.

आई म्हणते, "अहो मॅडम, घरी चॉकलेटचा कागद वाजला तरी धावत येते!"

ही परीक्षा एकटा कान देत नाही. आवाज पोचला, तिकडे लक्ष गेलं आणि मणी टाकावासा वाटला, तरच खूण उमटते. मन उडालं, तरी कागदावर दोष कानाचाच दिसतो.

ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या मॅडम, मशीन थांबवतात. मणी बाजूला, आता उतारावरून गाड्या सोडायच्या. १००० हर्ट्झचा तोच सूर पुन्हा. गाडी सुटते. ३० ला सुटते, २५ ला, २० ला. मग अगदी हळू आवाजात शब्द: "नाक दाखव. केस दाखव." सुरांचा आणि शब्दांचा निकाल साधारण १० डेसिबलच्या आत जुळावा लागतो. आता जुळतो.

पण "कंटाळली असेल" म्हणून सोडून देणं तितकंच धोक्याचं. खरंच कमी ऐकणारं मूलही लवकर थकतं. ऐकण्याची धडपडच त्याला दमवते. अशा वेळी दोन चाचण्या कामी येतात: कानाच्या आतून परतणारा सूक्ष्म आवाज मोजणारी ओएई आणि आवाजाला श्रवणनस व मेंदू देतात तो प्रतिसाद टिपणारी बेरा. त्या झोपेतही होतात, मुलाने काही करावं लागत नाही. मात्र वर्गाच्या गोंगाटात बाईंचं बोलणं उमगतं का, ते त्यांतून कळत नाही. त्यासाठी पुन्हा मुलाचीच मर्जी लागते.

रिपोर्टवर "प्रतिसाद साधारण" (म्हणजे मुलाची उत्तरं जेमतेम भरवशाची) एवढंच असेल, तर पालकांनी जरूर विचारावं: मूल केव्हा कंटाळलं? तो सूर नंतर पुन्हा दिला का?

आज उजवा कान झाला. डावा उद्या सकाळी, झोप पुरी झाल्यावर. मुलगी निळी गाडी सोडायला तयार नाही.

"ठेव तुझ्याकडे. उद्या घेऊन ये."