यादी चावडीवर लागते तेव्हा

[दृश्य : सकाळ. बालाघाटचा उतार, पोटऱ्यात आलेला शाळू, कुलूप लागलेली घरं.]

बीड जिल्ह्यातला बालाघाटचा डोंगरपट्टा. शेतात शाळू पोटऱ्यात आलाय आणि गावातली बरीच दारं बंद आहेत. दिवाळी उरकली तशा ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर गेल्या. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. मागे राहिली म्हातारी माणसं, शाळेतली पोरं, आणि त्यांच्यासाठी थांबलेली एखादी सून.

याच दिवसांत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हे कागद लागलेत. पहिल्या पानावर लिहिलंय : प्रारूप मतदार यादी, प्रभाग क्रमांक 1. शेजारी 2, त्याच्या शेजारी 3. खाली तहसील कार्यालयाचा गोल शिक्का, आणि हरकती घेण्याची शेवटची तारीख.

ती तारीख बघून ठेवा. मतदानाचा दिवस गावातल्या लहान पोरालाही पाठ असतो. हरकतींची मुदत मात्र बहुतेक ठिकाणी कुणाला कळतही नाही आणि संपून जाते.

[दृश्य : पडक्या गढीचा बुरूज, खाली ग्रामपंचायतीची नवी इमारत.]

गावच्या वेशीजवळ ही गढी उभी आहे. निजामाच्या राज्यात मराठवाड्यातल्या गावांचा कारभार वतनदार पाटील आणि पटवाऱ्यांच्या हातात होता. गावानं कुणाला निवडायचा प्रश्नच नव्हता. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, 1960 मध्ये मराठवाडा महाराष्ट्र राज्यात आला. पण ग्रामपंचायतीची निवडणूक वेळेवर व्हायलाच हवी, हे राज्यघटनेत यायला 24 एप्रिल 1993 उजाडला. त्या दिवशी 73 वी घटनादुरुस्ती लागू झाली. पाच वर्षांची मुदत, महिला आणि मागासवर्गीयांसाठी राखीव जागा, आणि या निवडणुका घेणारा स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग, हे सगळं तिच्यातून आलं. महाराष्ट्रात आज ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा महिलांसाठी आहेत.

[दृश्य : पारावर यादी पसरून बसलेले चौघं. एकाच्या हातात लाल पेन. यादीवरून सरकणारं बोट.]

आता यादीकडे येऊ.

ग्रामपंचायतीची स्वतःची अशी मतदार यादी नसते. विधानसभेची जी यादी असते, तीच घेतली जाते. राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवून देतो. त्या दिवशी विधानसभेच्या यादीत जी नावं आहेत, तेवढीच प्रभागांमध्ये वाटली जातात. त्यानंतर विधानसभेच्या यादीत कुणाचं नाव चढलं, तरी ते या निवडणुकीला उपयोगाचं नाही.

या एका गोष्टीपायी दर निवडणुकीला मराठवाड्यातली तरुण पोरं केंद्राच्या दारातून परत फिरतात. कार्यक्रम जाहीर झाला की ती अर्ज घेऊन पळतात, आणि तोवर तारीख उलटून गेलेली असते. प्रारूप यादीवर हरकत घेता येते, पण हरकत घेऊन नवं नाव चढत नाही. चुकीच्या प्रभागात टाकलेलं नाव योग्य प्रभागात आणता येतं. विधानसभेच्या यादीत असूनही प्रभागाच्या यादीतून गळालेलं नाव परत घेता येतं. लेखनातली चूक सुधारता येते. हरकतीचं काम इथवरच.

म्हणून नाव नोंदवायचं ते निवडणुकीची चाहूलही नसताना. पूर्वी 1 जानेवारीला 18 वर्षं पूर्ण झालेली असली तरच नाव घालता यायचं. 2022 पासून वर्षात चार तारखा आहेत : 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. नव्या मतदारासाठी अर्ज क्रमांक 6. सोबत फोटो, वयाचा पुरावा, राहत्या पत्त्याचा पुरावा. अर्ज दिला म्हणजे नाव लागलं असं समजू नका. तो सात दिवस हरकतींसाठी खुला राहतो, बीएलओ घरी येऊन खात्री करतात, मग निर्णय होतो. बीएलओ म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, बहुतेक गावात शाळेतले गुरुजी नाहीतर अंगणवाडीताई. घर बंद दिसलं तर अर्ज तिथंच अडकतो. टोळीवर जाणाऱ्यांनी हे पावसाळ्यातच उरकावं, घर उघडं असताना.

[दृश्य : एका ओळीवर थांबलेलं बोट. यादीतलं एक नाव, जवळून.]

ही ओळ बघा. नाव बरोबर आहे, वय बरोबर आहे. घर क्रमांकाच्या जागी नुसती आडवी रेघ.

यादी प्रभागांत वाटणारा कर्मचारी ही रेघ बघून ठरवणार तरी काय? घर कुठल्या गल्लीत आहे, हे त्याला कागदावरून कळत नाही. तो वरच्या-खालच्या नावांचा अंदाज घेतो आणि एखाद्या प्रभागात टाकून देतो. मग नवरा प्रभाग 1 मध्ये, बायको प्रभाग 3 मध्ये, आणि दोघं एकाच चुलीवर जेवणारी. ग्रामपंचायतीनं मध्येच कधीतरी घरांना नवे क्रमांक दिले आणि मतदार यादीत जुनेच राहिले, की गुंता आणखी वाढतो.

तांड्यांचं आणि शेतवस्त्यांचं दुखणं वेगळं आहे. गावापासून दोन-तीन किलोमीटर लांब तांडा. प्रभागाची हद्द नकाशावर रस्ता, ओढा, नाला धरून आखलेली असते. तांड्यावरच्या काही घरांची नावं मात्र यादीत जुन्या सवयीनं मूळ गावाच्या गल्लीखाली राहून जातात. तांडा एका प्रभागात, त्यातली पाच घरं दुसऱ्या प्रभागात. मतदानाच्या दिवशी ही पाच घरं केंद्र शोधत फिरतात.

ज्या गावात लोक यादी मोठ्यानं वाचतात, तिथं हे वेळेत सापडतं. पारावर बसलेले हे चौघं तेच करतायत. एकजण नाव वाचतो, बाकीचे गल्लीचं नाव सांगतात. चुकीच्या प्रभागातल्या नावावर लाल खूण. मयताच्या नावावर फुली. दोनदा आलेल्या नावाभोवती गोल. नऊ सदस्यांच्या गावाची यादी एका संध्याकाळी वाचून होते.

नऊ सदस्य का? तर लोकसंख्या 1501 ते 3000 असलेल्या गावाला कायद्यानं नऊ जागा मिळतात. सगळ्यात कमी सात, सगळ्यात जास्त 17. इथं तीन प्रभाग, प्रत्येकात तीन जागा. एवढ्याशा प्रभागात दहा-बारा नावं इकडची तिकडं झाली तर निकाल फिरतो. समान मतं पडली तर चिठ्ठी टाकावी लागते.

[दृश्य : कोऱ्या कागदावर लिहिला जाणारा हरकतीचा अर्ज. तहसीलची खिडकी, शिक्का.]

हरकत लिहायला वकील लागत नाही. मतदाराचं नाव, यादीतला अनुक्रमांक, आत्ता कुठल्या प्रभागात आहे, कुठल्या प्रभागात हवं. पुरावा म्हणून घरपट्टीची पावती किंवा लाइटबिल. एक गोष्ट आवर्जून जोडावी : शेजारच्या दोन-तीन घरांतल्या मतदारांचे अनुक्रमांक आणि त्यांचा प्रभाग. शेजारी प्रभाग 2 मध्ये आणि मधलंच घर प्रभाग 3 मध्ये, हे कागदावर दिसलं की अधिकाऱ्याला स्थळपाहणी सोपी जाते.

अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या. एक द्यायची, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊनच खिडकी सोडायची. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही, असं धरलं जातं. 'ठेवून जा, बघतो' या शब्दांवर विसंबून कुणीही माघारी येऊ नये.

[दृश्य : उंबऱ्यात बसलेली नवी सून, हातात मतदार ओळखपत्र.]

लग्न होऊन आलेल्या मुलींची नावं हा यादीतला सगळ्यात मोठा घोळ. माहेरच्या गावात नाव आहे, सासरी घालायचं आहे. घरचे सरळ अर्ज 6 भरून मोकळे होतात, कारण तोच माहीत असतो. मग नाव दोन्हीकडे राहतं. असं दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्याला मान्य नाही, आणि अर्जात खोटी माहिती लिहिली तर शिक्षेची तरतूद आहे. यासाठी अर्ज 8 आहे. जुन्या ओळखपत्राचा क्रमांक लिहायचा, नवा पत्ता द्यायचा, नाव तिकडून इकडे येतं. मयताचं किंवा गाव कायमचं सोडून गेलेल्याचं नाव काढायला अर्ज 7.

अर्ज 7 चा गैरवापरही होतो, हे इथं सांगायला हवं. टोळ्या गावाबाहेर असताना 'ही माणसं इथं राहत नाहीत' असा अर्ज कुणीतरी देतं. नोटीस बंद दाराला चिकटते. उत्तर द्यायला घरी कुणी नसतं.

[दृश्य : उसाचा फड. कोयता चालवणारे हात, मोळी बांधणारी बाई, पालांच्या ओळी.]

त्यावर कायद्यात स्पष्ट उत्तर आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1950. कलम 20. राहत्या गावातून तात्पुरता बाहेर गेलेला माणूस, केवळ त्या कारणानं, त्या गावचा रहिवासी नाही असं ठरत नाही. ऊसतोडीला गेलेला कोयता, म्हणजे तोडणीचं जोडपं, चार-सहा महिन्यांनी परत येतं. घर गावात आहे, रेशन कार्ड गावात आहे, पोरं गावच्या शाळेत आहेत. त्याचं नाव काढता येत नाही. नोटीस आलीच तर घरातल्या माणसानं लेखी उत्तर द्यावं, कलमाचा उल्लेख करावा आणि पोच घ्यावी.

नाव राहिलं, तरी मत देणं सोपं नाही. ऊसतोड कामगाराला टपाली मतदानाची सोय नाही. यावंच लागतं. 15 जानेवारी 2021 ला राज्यातल्या हजारो ग्रामपंचायतींचं मतदान झालं. ऐन गाळप हंगाम, संक्रांतीचा दुसरा दिवस. फडातून गावी यायचं तर दोन दिवसांचा खाडा. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर असते, टोळीचा मुकादम सोडायला तयार नसतो. अशा वेळी गावातलं पॅनल गाडी पाठवतं.

[दृश्य : रात्रीच्या रस्त्यावर जीपचे दिवे, मागे उभी माणसं.]

मतदारांना आणण्यासाठी उमेदवारानं भाड्याची गाडी करणं गैर आहे. तरीही ती येते, आणि ज्याची गाडी त्याला मत, हा हिशेब न बोलता ठरलेला असतो. कोयत्याची काही जोडपी वर्गणी काढून स्वतःची गाडी करतात. त्यांना खर्च जड जातो. पण उतरल्यावर कुणाच्या मागे जायची गरज उरत नाही. आमच्या मते टोळीच्या करारातच मतदानाची सुट्टी लिहून घ्यायला हवी. उचल ठरते तेव्हाच, तोंडी नाही, कागदावर.

[दृश्य : तहसीलच्या आवारात रांग, फायलींचे गठ्ठे.]

उमेदवारी करायची असेल, तर वय 21 पूर्ण हवं. 1 जानेवारी 1995 नंतर जन्म असेल, तर सातवी पास हवं. घरात शौचालय आणि त्याचा वापर, ग्रामपंचायतीची थकबाकी नाही, सरकारी जागेवर अतिक्रमण नाही, सप्टेंबर 2001 नंतरच्या अपत्यांमुळे मुलांची संख्या दोनपेक्षा जास्त झालेली नाही, हे सगळं बघितलं जातं. राखीव जागेवर उभं राहणाऱ्यांनी जात पडताळणीचा अर्ज आधीच टाकून ठेवावा. मुदतीत वैधता प्रमाणपत्र आलं नाही, तर निवडून आलेलं पदही जातं. आणि निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशेब. जिंकलेल्यानंही, हरलेल्यानंही.

[दृश्य : शाळेच्या वर्गात मतदान यंत्राचं प्रात्यक्षिक. बटणावरचा खरबरीत अंगठा.]

केंद्रावर यंत्राची रचना विधानसभेपेक्षा वेगळी असते. इथं एका मतदाराला एकापेक्षा जास्त मतं द्यायची आहेत. तीन जागांच्या प्रभागात सदस्यांसाठी तीन, थेट सरपंच असेल तर त्याचं आणखी एक. प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळी. सर्वसाधारण जागेची पांढरी, अनुसूचित जातीच्या जागेची फिकी गुलाबी, नागरिकांच्या मागास प्रवर्गाची फिकी पिवळी. प्रत्येक भागात शेवटी 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण.

घोटाळा होतो तो इथं. मतदार एक बटण दाबतो, दिवा लागतो, आणि तो बाहेर निघतो. मतदान पूर्ण झालेलं नसतं. सगळ्या जागांची बटणं दाबून झाली की मगच लांब आवाज येतो. तो आवाज ऐकल्याशिवाय जागा सोडायची नाही. म्हाताऱ्या माणसांना हे आदल्या दिवशी घरी, कागदावर चौकोन काढून दाखवावं. ही आजी शिकतेय तशी. तिनं तिन्ही चौकोनांवर अंगठा टेकवला, आणि चौथा कुठला ते स्वतः विचारलं.

तुमच्या आधीच तुमच्या नावावर कुणी मत देऊन गेलं असेल, तर भांडून परत येऊ नका. केंद्राध्यक्षांना ओळख पटवून द्या आणि प्रदत्त मतपत्रिका मागा. ती वेगळ्या पाकिटात बंद होते, आणि पुढे न्यायालयात दाद मागायची वेळ आली तर तीच पुरावा ठरते. दाद मागायची मुदत निकालापासून 15 दिवस.

[दृश्य : मतमोजणी केंद्राबाहेर गुलाल, हलगी.]

निकाल लागतो. पुढची पाच वर्षं पाण्याची टाकी कुठं, रस्ता कुठल्या गल्लीत, हे इथून ठरतं.

[दृश्य : ग्रामसभा. सतरंजीवर बसलेल्या बायका, रजिस्टरवर सह्या.]

ग्रामसभेला गणपूर्तीसाठी गावातल्या मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातले जे कमी असतील तेवढे लोक लागतात. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग मोजक्या माणसांत ठराव मंजूर होतात. टोळ्या गावात असतात त्या महिन्यांतल्या ग्रामसभेत आपल्या गल्लीचं काम विकास आराखड्यात लिहून घ्या, आणि इतिवृत्ताची नक्कल मागा.

याच सभेत बीएलओंना बोलावून यादीचं वाचनही घेता येतं. अर्ज 6, 7 आणि 8 वर्षभर भरता येतात, मोबाइलवरूनही. पुढची निवडणूक कधीही लागो, यादी आत्ता वाचायला घेता येते.