हे कशावरून म्हणता?

(पुण्यातल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार.

विज्ञान आणि इतिहास या विषयांवर टीव्हीसाठी माहितीपट करणं हा माझा व्यवसाय. जवळजवळ चाळीस वर्षं हेच करत आले आहे. या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं मला हमखास विचारतात, "मॅडम, हे सगळं आपल्याकडे बीबीसीचं बघूनच आलं ना?" त्यांना मी १९०१ साली नेते.

त्या वर्षी डिसेंबरात रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे इंग्लंडहून परतले. १८९९ साली ते केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले होते, आणि हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. मुंबईत त्यांच्या स्वागताला गर्दी लोटली आणि त्या गर्दीत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, आपला कॅमेरा घेऊन उभे होते. भारतीय माणसानं आपल्याकडच्या घडामोडींचं जे अगदी सुरुवातीचं चित्रीकरण केलं, त्यातलं हे एक. कॅमेऱ्यासमोर होता गणिताचा माणूस, जो पुढे वीसेक वर्षं आपल्या फर्ग्युसनचा प्राचार्य होता. ती फिल्म आज पाहायला मिळत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

दुसरी गोष्ट दादासाहेब फाळक्यांची. 'राजा हरिश्चंद्र' १९१३चा, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण त्याच्या आधी लंडनहून कॅमेरा आणल्यावर फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा त्याच्यासमोर रोवून थोडी थोडी फिल्म फिरवत राहिले. पडद्यावर मिनिटभरात दाण्यातून अंकुर निघाला, वर चढला, त्याचा वेल झाला. 'अंकुराची वाढ' या नावानं ती ओळखली जाते. ती पाहून फाळक्यांना कर्ज मिळालं आणि त्यातून पुढचा चित्रपट उभा राहिला. म्हणजे आपल्या कथापटाला भांडवल मिळालं ते वनस्पतिशास्त्राच्या फिल्मवर! त्या फिल्ममध्ये निवेदन नव्हतं, संगीत नव्हतं. झाड वाढतं असं कुणी सांगत नव्हतं, ते समोर वाढत होतं. माझ्या सगळ्या कामात मी ज्याच्या मागे लागले ते हेच. प्रेक्षकाला निष्कर्ष ऐकवू नका, तो निष्कर्ष कुठून निघाला ते त्याला पाहू द्या.

मी कामाला लागले तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवर नुकतेच सुरू झाले होते. १५ ऑगस्ट १९८४ पासून दुपारी ते लागायचे. आज ऐंशीच्या दशकाबद्दल बोलताना लोक मालिकांच्या आठवणी काढतात. दुपारचा तो तास कुणाच्या आठवणीत नाही. पण देशभरातली माध्यम केंद्रं त्यासाठी कार्यक्रम बनवत होती, पुणे विद्यापीठातही असं केंद्र होतं, आणि माझ्या पिढीतल्या पुष्कळांचा हात त्या कामावर बसला. यू-मॅटिक या व्हिडिओ कॅसेटचा जमाना होता. कॅमेरा एकाच्या खांद्यावर, रेकॉर्डर दुसऱ्याच्या खांद्यावर आणि दोघांच्या मध्ये केबल. कॅमेरामन टेकडीवर चढायला लागला की रेकॉर्डरवाल्यालाही त्याच पावलानं चढावं लागे. कॅसेट वीस मिनिटांची. तज्ज्ञ माणूस रंगात येऊन बोलू लागला की आमची नजर टेपच्या काट्यावर. त्यामुळे एक शिस्त अंगात मुरली. मुलाखतीला बसण्याआधी त्या माणसाचे लेख वाचून जायचं, आणि त्यानं आयुष्यात काय शोधलं हे त्याला विचारण्यात टेप घालवायची नाही. ते मला आधीच माहीत हवं. कॅमेऱ्यासमोर विचारायचं ते एवढंच: हे तुम्ही कशावरून म्हणता?

या प्रश्नाची खरी कसोटी लागली ती इनामगावला.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे गाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ तिथं उत्खनन केलं. सांकळिया, अन्सारी, ढवळीकर ही त्यातली मोठी नावं. सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती तिथं सापडली. घरं, धान्य, पाटबंधाऱ्याच्या खुणा, काळ्या रंगानं नक्षी काढलेली तांबडी जोर्वे भांडी. आम्ही गेलो तेव्हा खड्डे बुजवलेले होते. आता दाखवायचं काय? समोर टेकाड आणि त्याच्या पलीकडे नदी, एवढंच.

त्या वस्तीत घराच्या जमिनीखाली दफनं मिळाली. लहान मूल गेलं की दोन रांजण आडवे ठेवून तोंडाला तोंड लावायचे आणि त्यात मुलाला ठेवायचं. मोठ्या माणसांच्या सांगाड्यांमध्ये मात्र घोट्यापासून खालची पावलं नाहीत. मेलेल्या माणसानं भूत होऊन घर सोडून जाऊ नये म्हणून पावलं तोडत असावेत, असा अर्थ संशोधकांनी लावला. अर्थ उत्तम आहे आणि पटतोही. पण जमिनीतून निघाला तो पावलांविना सांगाडा. कारण जमिनीतून निघालेलं नाही, ते माणसांनी विचार करून काढलेलं आहे.

पुढे खाजगी वाहिन्या आल्यावर एका वाहिनीनं हाच विषय नव्यानं मागितला. त्यांना कुऱ्हाड घेतलेला नट हवा होता, मशाली हव्या होत्या आणि शीर्षकात 'रहस्य' हा शब्द. मी ते केलं नाही. मी काय केलं असतं ते सांगते, कारण आधीच्या कार्यक्रमात तसंच केलं होतं. नडगीच्या हाडावर कॅमेरा नेला. वरून सावकाश खाली आलो, आणि हाड जिथं संपतं तिथं थांबलो. त्या शॉटवर निवेदन ठेवलं नाही. त्यानंतर संशोधक पडद्यावर आले आणि म्हणाले, आम्हाला हे असं मिळालं. मग कट. दुसऱ्या शॉटमध्ये तेच गृहस्थ वेगळ्या जागी बसून सांगतात की यावरून आम्ही अमुक अंदाज बांधतो. दोन वाक्यांसाठी जागा बदलायची म्हणजे दिवे हलवायचे, कॅमेरा हलवायचा, अर्धी दुपार जायची. पण बघणाऱ्याच्या मनात पुरावा आणि अंदाज यांच्यामध्ये रेघ पडली. मशालीतलं दृश्य त्याच्या डोक्यात कायमचं सत्य म्हणून बसलं असतं. डोळ्यांनी पाहिलेलं पुसायला शंभर लेख पुरत नाहीत. आपल्या गडकिल्ल्यांवरचे कार्यक्रम बघताना मला हीच काळजी वाटते.

विज्ञानात अडचण उलटी. तिथं पुरावा समोर असतो, पण दिसत नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, काही मध्यभागी एकत्र आणि बाकीच्या तीन हातांसारख्या पसरलेल्या, एकूण पंचवीस किलोमीटरच्या टापूत. गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. रेडिओ लहरी कशा दाखवणार? ॲनिमेशन करता येतं, केलंही जातं. मला त्या अँटेनाची जाळीच मोलाची वाटली. एवढी प्रचंड थाळी भरीव पत्र्याची केली असती तर वाऱ्याचा जोर झेलायला अवाढव्य सांगाडा लागला असता आणि खर्च परवडला नसता. स्वरूप यांनी स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची जाळी दोरांवर ताणून बसवली. भोकं मध्यभागी सुमारे दहा मिलिमीटरची, कडेला वीसची. हायड्रोजनच्या अणूकडून येणारी रेडिओ लहर २१ सेंटिमीटर लांबीची. तिच्या दृष्टीनं ही जाळी म्हणजे सलग पत्राच, ती आदळून परत फिरते, आणि वारा मात्र आरपार जातो. आम्ही अँटेनाखाली उभं राहून वर कॅमेरा धरला तेव्हा जाळीतून ढग दिसत होते. तो एक शॉट आणि भोकावर धरलेली पट्टी, एवढ्यात काम झालं. नववीतल्या मुलाला कळेल आणि भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला खटकणार नाही, अशी जागा सापडली की आमच्या धंद्यात त्या दिवशी सगळ्यांना चहा मिळतो.

इथं जयंत नारळीकरांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९८८ साली या खगोलशास्त्रज्ञानं पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी केली. महास्फोटाच्या सिद्धांताबद्दल त्यांनी अखेरपर्यंत शंका उपस्थित केल्या, आणि बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांना त्या मान्य नव्हत्या. आमच्यासारख्यांना हा मोठाच धडा होता. विज्ञान म्हणजे एकमुखानं बोलणारी मंडळी, असं दाखवलं की लोकांना पहिला मतभेद कानावर पडताच सगळंच खोटं वाटू लागतं. मतभेद दाखवावा, आणि कुठली बाजू किती भक्कम तेही प्रामाणिकपणे सांगावं. दोन्ही बाजूंना सारखी मिनिटं देणं म्हणजे न्याय नव्हे.

पैशांबद्दल थोडक्यात सांगते. या कामात पैसा कमी आहे आणि उशिरा येतो. संशोधनाच्या महिन्यांचे पैसे कुणी देत नाही, चित्रीकरणाच्या दिवसांचे देतात. नावही फारसं होत नाही. १९७३ची ब्रोनोव्हस्कींची 'द असेंट ऑफ मॅन' आणि १९८०ची कार्ल सेगनची 'कॉसमॉस', या विज्ञानावरच्या मालिका, दोन्ही तेरा-तेरा भागांच्या, दोन्ही जगभर गाजलेल्या. दोन्हींच्या मागे निर्माता म्हणून एकच माणूस होता, एड्रियन मलोन. या सभागृहात ते नाव आधी ऐकलेले किती जण असतील? तरीही हे काम करावंसं वाटतं ते पानशेतसारख्या विषयांमुळे.

पुण्यात इतिहास म्हटलं की पेशवाईवर थांबायची सवय आहे. १२ जुलै १९६१ हाही इतिहासच. पानशेतचं मातीचं धरण, काम पुरतं झालेलं नसताना, सकाळी फुटलं. ते पाणी खडकवासल्यात आलं आणि त्याच दिवशी नंतर ते जुनं दगडी धरणही फुटलं. पेठांत आणि डेक्कनवर पाणी शिरलं. खडकवासला गेल्यामुळे ज्या शहरात पूर आला त्याच शहरात प्यायला पाणी नाही, अशी अवस्था झाली. मुलाखती घेताना लोकांचं एकमेकांशी जुळेना. कुणी म्हणे पाणी हळूहळू चढलं, कुणी म्हणे लोंढाच आला. आम्ही प्रश्न बदलला. 'काय झालं?' असं विचारणं सोडून 'तुम्ही नेमक्या कुठे उभ्या होतात?' असं विचारू लागलो. उत्तरं नकाशावर मांडली, त्यांच्यापुढे वेळ लिहिली, आणि बरीचशी विसंगती विरली. जागा वेगळ्या होत्या आणि धरणंही दोन होती. शनिवार पेठेतल्या एक आजी आम्हाला जिन्यापाशी घेऊन गेल्या. भिंतीवर तळहात टेकवून म्हणाल्या, "लोणच्याची बरणी वरच्या पायरीवर ठेवायला वळले. ठेवून फिरते तर खालची चौथी पायरी दिसेना." मी पायरीची उंची मोजून घेतली. पाणी किती वेगानं चढत होतं याचा इतका नेमका पुरावा मला दुसऱ्या कुणी दिला नाही.

त्या आजींचं बोलणं आज जेमतेम पाऊण मिनिटाचं उरलं आहे, कार्यक्रमात जेवढं गेलं तेवढंच. बाकी सगळ्या रशेस, म्हणजे न कापलेलं मूळ चित्रीकरण, ज्या संस्थेकडे होत्या तिथं कोऱ्या कॅसेटची चणचण आली आणि जुन्यांवर नवं चित्रीकरण झालं. परवानगी विचारायची कुणाला गरज वाटली नाही. त्याचं दुःख मला आजही होतं आणि रागही येतो. त्या आजी आता नाहीत, जिनाही नाही.

म्हणून सावेदादांच्या न उरलेल्या फिल्मची गोष्ट मी सुरुवातीला काढली. आपण चित्रीकरण करतो तेव्हा आपणही पुरावा तयार करत असतो. पन्नास वर्षांनी कुणीतरी आपल्याला 'कशावरून?' विचारणार आहे, आणि तेव्हा तयार कार्यक्रमापेक्षा न कापलेली मुलाखत अधिक कामाची ठरणार आहे. लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं. पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेसुरले भाग शोधून तिथं आणले, नाहीतर आज आपण फाळक्यांबद्दल नुसत्या ऐकीव गोष्टी सांगत बसलो असतो. आणि याच शहरात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्म्स जळाल्या, हेही आपण पाहिलं. टीव्हीच्या टेपसाठी तर नायरांसारखा माणूसही भेटला नाही. पुण्याच्या पावसाळ्यात चुंबकीय टेपवर बुरशी धरते, ती चालवायची यंत्रं बंद पडत चालली आहेत, दुरुस्त करणारे हात कमी होत आहेत. आम्ही काही जण आपापल्या कपाटातल्या कॅसेट डिजिटल करून घेतो आहोत. कार्यक्रम आधी की रशेस आधी असा प्रश्न आला तर मी रशेस आधी करते.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. इथं बसलेल्यांपैकी काहींच्या घरी, माळ्यावर, आठ मिलिमीटरच्या फिल्मची रिळं असतील. वडिलांनी किंवा काकांनी हौसेनं काढलेली. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्म खराब व्हायला लागली आहे असं समजा. ते रीळ बाकीच्यांपासून वेगळं काढा, कोरड्या, थंड जागी ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आणि कितीही मोह झाला तरी जुन्या प्रोजेक्टरवर लावू नका. आक्रसलेली फिल्म दात्यांत अडकून फाटते. जाणकाराकडून स्कॅन करून घ्या. मग घरातल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाला शेजारी बसवून बघा, आणि हा वाडा कुठला, ही माणसं कोण, साल कुठलं, हे मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. पुराच्या दिवसांतलं काही असेल तर मला जाताना भेटा, मी दाराशीच थांबते आहे. फोटो असतील तरी चालतील. मागे पेन्सिलीनं काही लिहिलेलं असेल तर तेवढं पुसू नका.