आधी कोण, मागून कोण

मंडळी, नमस्कार. माइक थोडा खाली घे रे बाबा, मी स्टेजच्या मागचा माणूस, पुढे उभं राहायची सवय नाही. वाचनालयाच्या अध्यक्षांचा फोन आला, संगीत महोत्सवांवर बोला म्हणून. मी म्हटलं मला गाता येत नाही आणि वाजवता तर त्याहून येत नाही. ते म्हणाले म्हणूनच बोलावतोय, गाणाऱ्याला बोलावलं तर तो गातच बसतो. तर बावीस वर्षं झाली, पणजी म्हणा, मडगाव म्हणा, फोंडा, किनारपट्टी, जिथे कार्यक्रम असेल तिथे मी विंगेत उभा असतो आणि हातात एक कागद असतो. त्यावर नावं, वेळा, कोणाला किती माइक, कोण खाली बसणार, कोण उभा राहणार. आज मी त्या कागदाबद्दलच बोलणार आहे, दुसरं मला फारसं काही कळत नाही.

पूर्वी काय असायचं, शास्त्रीय म्हणजे शास्त्रीय, बँड म्हणजे बँड, आपलं कोंकणी नाटक तियात्र म्हणजे तियात्र, ज्याचे त्याचे लोक ठरलेले. आता एकाच संध्याकाळी घुमट वाद्यावरची आरती, मग मांडो ही आपली कोंकणी गाणी, मग खयाल, मग जॅझ आणि शेवटी कोणीतरी लॅपटॉप घेऊन येतो. पणजीत २०१६ पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो, तिथे मांडवीत बोटीवर बसून राग ऐका आणि उतरून मैदानावर बँड ऐकायला जा. जुन्या गोव्यात माउंटच्या चॅपेलमध्ये जो महोत्सव होतो त्यांनी तर मला वाटतं सगळ्यात शहाणपणाचं केलंय, पश्चिमी संगीत चॅपेलच्या आत आणि आपलं संगीत बाहेर अंगणात, संध्याकाळच्या उजेडात. म्हणजे एकाची खुर्ची उचलून दुसऱ्याची गादी घालायची भानगडच नाही. पण अशा दोन जागा सगळ्यांना कुठून मिळणार? बाकीच्यांना एकच स्टेज असतं आणि मधे पंधरा मिनिटं.

आता एका महोत्सवाची गोष्ट सांगतो जो इथे झालाच नाही. गायिका केसरबाई केरकरांचं केरी इथून किती लांब आहे, आपल्या तालुक्यातच. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली आणि दोघांवर एकेक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी लावली, पृथ्वीवरचं संगीत म्हणून, त्यात केसरबाईंची भैरवी आहे, ‘जात कहां हो’, साडेतीन मिनिटं. एवढं आपल्याकडे पोरासोरालाही माहीत आहे, अभिमानाने सांगतो आपण. पण त्या तबकडीवर एकूण २७ रचना आहेत आणि त्या कुठल्या क्रमाने लावल्यात हे बघायच्या फंदात कोणी पडत नाही. मी बघितलं, धंद्याची खोड. सुरुवात बाखने. सातव्या नंबरवर चक बेरी, म्हणजे रॉक अँड रोल. मधे जावाचा गॅमेलान, सेनेगलचे ढोल, मोझार्ट, लुई आर्मस्ट्राँग, नवाहो लोकांचं रात्रीचं गाणं, अक्षरशः सगळं गाव जमा केलंय. आणि आपल्या बाई पंचविसाव्या. शेवटून तिसऱ्या!

म्हणजे भैरवी शेवटाकडेच आली हो. तिच्या आधी चीनचं सात तारांचं वाद्य आहे, एकटं, संथ, साडेसात मिनिटं. आणि बाईंच्या मागून आहे ब्लाइंड विली जॉन्सन, अमेरिकेतला अंध कृष्णवर्णीय गायक, गिटारच्या तारेवरून घसरवत वाजवतो आणि शब्द एक नाही, नुसतं हुंकार देत गातो. त्यानंतर बेटोव्हेनची तंतुवाद्यांवरची एक संथ रचना आणि संपलं. आपल्याकडे भैरवी झाल्यावर कोणी बसायची हिंमत करत नाही, पण मी घरी हे तिन्ही तुकडे ओळीने लावून ऐकले, दोनतीनदा ऐकले, आणि कुठेच खटकलं नाही. कारण बाईंच्या मागून येणारा माणूस मोठ्याने काही बोलत नाही, तो त्यांनी सोडलेल्या जागेतच बसतो. त्याच जागी चक बेरी ठेवून बघा. चक बेरी वाईट नाही, मला स्वतःला आवडतो, पण त्याने बाईंचंही नुकसान झालं असतं आणि त्याचंही. दुसरं यान ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. अकरा दिवस.

आता खाली येऊ, आपल्या मातीवर.

एकदा किनाऱ्याजवळ कार्यक्रम होता, कुठला ते राहू दे. आयोजकांनी आधी फ्यूजन बँड ठेवला, म्हणजे गर्दी जमेल, आणि त्याच्या मागून एक बाई, खयाल. बँडचं ड्रमकिट मागेच राहू द्या म्हणाले, नंतर परत लागणार आहे. बाई येऊन बसल्या, काळी चारमध्ये तानपुरे लावले, डोळे मिटून सा लावला आणि मागून झर्र्र असा आवाज. थांबल्या. झर्र थांबला. परत सा, परत झर्र. साउंडवाला केबल बदलतोय, माइक बदलतोय, लोक हसायला लागले, बाईंचा चेहरा असा झाला की मला आजही आठवतो. शेवटी मला सापडलं, ड्रमकिटमधला स्नेअर. त्या ड्रमच्या खालच्या चामड्याला बारीक तारांचा पट्टा लागलेला असतो आणि समोर कोणी सूर लावला, एवढंच काय, स्पीकरमधून मोठा आवाज आला तरी तो ड्रम न वाजवता नुसत्या हवेने झणझणतो. बाजूला एक छोटा खटका असतो, तो पाडला की तारा सुटतात आणि ड्रम गप्प. एका बोटाचं काम! त्यासाठी सात मिनिटं गेली आणि बाईंचा बडा खयाल जो लागायला हवा होता तो त्या दिवशी लागलाच नाही. तेव्हापासून माझ्या कागदावर वर पहिल्या ओळीत लाल पेनाने लिहिलेलं असतं, ‘स्नेअर बंद’.

ही झाली वस्तूंची भांडणं. हवेची वेगळीच. तबलजी ग्रीनरूममध्ये एसीत बसून छान हातोडीने ठोकून तबला जुळवून घेतो, बाहेर नदीकाठच्या स्टेजवर आला की डिसेंबरातला दमटपणा चामड्यात शिरतो आणि दहा मिनिटांत सूर खाली. मग वरचे लाइट तापले की परत चढतो. म्हणून मी त्यांना सांगतो, उस्ताद, अर्धा तास आधी बाहेर येऊन बसा, डास चावले तरी चालतील. आणि मांडोवाल्यांचा व्हायोलिन, बँडवाल्यांचा ट्रम्पेट, हे लोक समोर कागद ठेवून वाजवतात. आपल्या गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरांना नोटेशन वाचायला शिकवायचे, त्यातूनच मुंबईच्या सिनेमातल्या ऑर्केस्ट्रात निम्मे गोंयकार गेले, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन यांना व्हायोलिन शिकवायचे. तर ते कागद, आणि मांडवीवरचं वारं. एकदा दुसरं गाणं संपायच्या आत तिसऱ्याचं पान उडून पहिल्या रांगेतल्या एका मंत्र्यांच्या मांडीवर. आता माझ्या पिशवीत दोन डझन कपडे वाळत घालायचे चिमटे असतात, लाकडी, प्लॅस्टिकचे तडकतात. शास्त्रीयवाले मला बघून हसतात, हा काय धोबी की काय.

घुमटाचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मातीचं भांडं, दोन तोंडं, मोठ्या तोंडावर चामडं, लहान तोंड उघडं. पूर्वी चामडं घोरपडीचं असायचं, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते गुन्ह्यात जमा, आता बकऱ्याचं लावतात, जुने लोक म्हणतात ती मजा नाही, मला एवढा फरक कळत नाही, खरं सांगतो. २०१९ मध्ये सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. पण जाहीर केलं म्हणून साउंडवाल्याला ते कळतं असं नाही. शहरातून आलेला एक पोरगा, हुशार, त्याने सगळ्या घुमटांसमोर चामड्याच्या बाजूला माइक लावले, ढोलकीला लावतात तसे. टप टप टप, पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज. एक म्हातारे वादक, पांढरी मिशी, शांतपणे उठले, स्टँड उचलला आणि फिरवून मागच्या लहान तोंडाशी आणला आणि त्याला म्हणाले, “बाब, घुमट हांगच्यान उलयता, थंयच्यान न्हय,” म्हणजे इथून बोलतं, तिथून नाही. आणि डावा तळवा त्या तोंडावर ठेवून, उघडून, परत ठेवून दाखवला. घूंऽऽ. आख्खं मैदान भरलं. उजवा हात नुसता ताल देतो हो, आवाज तो डावा तळवा घडवतो. पोराने कानाला हात लावला आणि सगळे माइक फिरवले. शामेळ म्हणजे काठीने वाजवायचा ढोल आणि कासाळी म्हणजे झांज, त्यांना माइकच देऊ नका, ती तशीही पोचतात.

आता सगळ्यात मोठी कटकट, रात्रीचे दहा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, बाकी दिवस दहा म्हणजे दहा. बंद सभागृहाला हे लागू नाही, पणजीच्या कला अकादमीच्या आत तुम्ही भैरवीपर्यंत जा, भिंतीवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडाने रंगवलेले प्रेक्षक तरी नक्की थांबतील. पण बाहेर? आपल्या शास्त्रीय मैफलीत सगळ्यात ज्येष्ठ कलाकार शेवटी बसतो, तो मान आहे. बँडच्या महोत्सवात ज्याचं नाव पोस्टरवर मोठं तो शेवटी. दोघेही एकाच दिवशी असले की दोघांनाही शेवटचंच पाहिजे, आणि त्या शेवटाला दहाची कात्री. कार्यक्रम उशिरा सुरू होणार हे तर देवाने लिहून ठेवलंय, मंत्री, दीपप्रज्वलन, शाल, नारळ, आभार. मग ज्येष्ठ पंडितांना वीस मिनिटं मिळतात आणि मी विंगेतून घड्याळ दाखवतो. मला याच्याइतकं लाजिरवाणं काम दुसरं नाही. म्हणून मी आयोजकांच्या मागे लागतो की ज्येष्ठांना सकाळी द्या, तोडी ऐकू द्या लोकांना, रात्रीच्या कार्यक्रमांनी आपल्या कानांना सकाळचे राग विसरायला लावलेत. ऐकतं कोण! सकाळी स्पॉन्सर येत नाही म्हणतात.

आणि हे सगळं सरमिसळ प्रकरण काही बाहेरून आलेलं नाही, बरं का. आपल्या जत्रेत काय असतं? पालखी, घुमट-शामेळांची सुंवारी, कीर्तन आणि मग नाटक, ते पहाटेपर्यंत. शिवोलीच्या जागराला तर हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही. तिथे कोणाच्या हातात कागद नसतो तरी क्रम चुकत नाही, कारण तो देवाच्या कामाला बांधलेला आहे, पालखी आत गेल्याशिवाय नांदी होणारच नाही. महोत्सवात पालखी नाही. म्हणून मग मी आणि माझा कागद.

बरं, अध्यक्षांनी जाता जाता मला कामाला लावलंच आहे. वाचनालयाच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम पुढच्या महिन्यात, यादी माझ्याकडे दिली, समितीने त्यात ब्रास बँड मधे घातलाय, गाण्याच्या अगदी लगेच आधी. माझा क्रम सांगतो, पटला तर ठेवा. साडेपाचला घुमट आरती, ऊन उतरता उतरता, चामडं तेव्हा ताणलेलं असतं. मग ब्रास बँड, उभ्या उभ्या, खुर्च्या नकोत. मग भाषणं, हो, मधेच, सुरुवातीला नाही, बँड उठून जाईल तोवर बोला, दहा मिनिटांत उरका. त्या वेळात तानपुरे बाहेर आणून ठेवायचे. मग गाणं, सव्वासात ते नऊ, त्यांना कोणी घड्याळ दाखवणार नाही. मग गिटारवाला आपल्याच गावचा मुलगा, एकटा, हळू वाजव म्हणून मी त्याला सांगितलंय, त्याला ब्लाइंड विलीचं रेकॉर्डिंगपण पाठवलंय. पावणेदहाला बंद.

ड्रम असणार आहेतच बँडचे, ते उचलून अंगणाच्या पलीकडे न्यायला दोन पोरं लागतील. कोण येतंय? नावं आत्ताच द्या, नंतर चहाला सगळे पळतात.