पाच सेकंद आणि एक घोगरा आवाज

(पडदा काळा. फक्त आवाज.)

ऐकताय ना? प्रेक्षकांचा कल्लोळ, आणि त्या कल्लोळावर चढून ओरडणारा एक माणूस. "हॅवलिचेक स्टोल द बॉल! इट्स ऑल ओव्हर!" घसा असा खरवडलेला, की वाटावं हा माणूस आता तरी पाणी पिईल. तो प्यायचा कॉफी. आणि सिगारेटी, एकीवर एक. एकदा चालू कॉमेंट्रीत सिगारेटनं त्याची पँटच पेटवली होती.

(दृश्य: बॉस्टन गार्डन या बंदिस्त स्टेडियमचे जुने फोटो.)

हा जॉनी मोस्ट. बॉस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाचा रेडिओवरचा आवाज. 1953 पासून 1990 पर्यंत.

तो आला तेव्हा हा खेळ फार वेगळा होता. पुढे असलेला संघ बॉल हातात ठेवून नुसता वेळ काढायचा. 1950 मध्ये फोर्ट वेन पिस्टन्सनी मिनियापोलिस लेकर्सना 19-18 असं हरवलं. हो, हा अख्ख्या सामन्याचा स्कोअर! असला सामना रेडिओवर ऐकणाऱ्याची कीव यावी, आणि बोलणाऱ्याची त्याहून जास्त. मग 1954-55 च्या हंगामात एनबीएनं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगनं, 24 सेकंदांचं घड्याळ आणलं. तेवढ्या वेळात बास्केटकडे बॉल मारा, नाहीतर समोरच्यांना देऊन टाका. आदल्या हंगामात एक संघ सामन्याला सरासरी 79.5 गुण करायचा, तो आकडा एकदम 93.1 वर गेला. खेळाडू पळायला लागले, आणि त्यांच्यामागे कॉमेंटेटरची जीभ.

क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये ऐसपैस जागा असते. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री ऐकलेल्यांना हे सांगायला नको. बास्केटबॉलमध्ये श्वास घ्यायचा तर तो बॉल कोर्टाबाहेर गेल्यावरच. न्यूयॉर्कला मार्टी ग्लिकमननं यावर तोड काढली होती. बॉल कुठल्या कोपऱ्यात आहे, कुणाकडे आहे, बास्केटपासून किती लांब आहे, हे आधी सांगायचं. ऐकणाऱ्याच्या डोक्यात कोर्टाचा नकाशा उभा राहिला की बाकीचं तो स्वतः बघतो. रिंगला न शिवता बॉल जाळीतून सुळकन उतरतो, त्याला ग्लिकमन म्हणायचा 'स्विश'. एका शब्दात आवाजही आला आणि गुणही. लॉस एंजेलिसमध्ये चिक हर्न तर रेडिओ आणि टीव्ही दोन्हींसाठी एकाच वेळी बोलायचा. मिनियापोलिसहून तिथे आलेल्या लेकर्सचे सलग 3,338 सामने त्यानं एकही न चुकवता सांगितले.

मोस्टची गोष्ट निराळी. नकाशा त्यालाही यायचा, पण त्याच्या डोळ्यांवर हिरवा चष्मा होता. हिरवा, म्हणजे सेल्टिक्सच्या जर्सीचा रंग. आपल्या माणसाला धक्का लागला की तो खुनी हल्ला. आपल्या माणसानं धक्का दिला, तर अहो, चालायचंच! वॉशिंग्टनच्या रिक मेहॉर्न आणि जेफ रुलंड या दोन दांडगट खेळाडूंना त्यानं नावंच ठेवली होती, मॅकफिल्दी आणि मॅकनॅस्टी. बातमीदारी म्हणून हे भयंकर आहे. पण बॉस्टनमध्ये लोक टीव्हीचा आवाज बंद करून शेजारी रेडिओ लावायचे, ते बातमीसाठी थोडंच?

(दृश्य: बास्केटच्या फळीला ताणून धरणाऱ्या तारा.)

या तारा नीट बघून ठेवा.

15 एप्रिल 1965. ईस्टर्न डिव्हिजनची फायनल, सातवा आणि शेवटचा सामना, समोर फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्स. फिलाडेल्फियाच्या विल्ट चेंबरलेननं बास्केट केली आणि स्कोअर झाला 110-109. सेल्टिक्स एका गुणानं पुढे, पाच सेकंद बाकी. आता सेल्टिक्सच्या बिल रसेलनं बॉल आत द्यायचा, की संपलं. रसेलनं तो दिला आणि बॉल नेमका त्या तारेवर आदळला! नियमानं बॉल फिलाडेल्फियाचा. तोही सेल्टिक्स राखत असलेल्या बास्केटखालीच.

फिलाडेल्फियाचा हॅल ग्रीअर रेषेबाहेर उभा राहिला. बॉल आत टाकायला त्याला पाच सेकंद. सेल्टिक्सचा जॉन हॅवलिचेक त्याच्याकडे पाठ करून, ज्याला अडवायचं त्या खेळाडूवर नजर ठेवून होता आणि मनात मोजत होता. एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन... एव्हाना पास सुटायला हवा होता. सुटला नाही, म्हणजे ग्रीअर अडकलाय. चारला त्यानं मान किंचित वळवली, बॉल येताना दिसला, उडी मारून त्यानं तो बोटांनी आपल्या संघातल्या सॅम जोन्सकडे ढकलला.

वर गॅलरीच्या कठड्याला चिकटलेल्या जागेत बसून मोस्ट हे सगळं शांतपणे सांगायला लागला होता. ग्रीअर बॉल टाकतोय, लांब टाकतोय... आणि तिथे त्याचं वाक्यच मोडलं. पुढे व्याकरण नाही, नकाशा नाही, कोर्टाचा कोपरा नाही. फक्त एक नाव आणि एक चोरी, पुन्हा पुन्हा. घरात रेडिओपाशी बसलेल्याला बॉल कुठे गेला हे कदाचित कळलंही नसेल. जिंकलो, एवढं मात्र कळलं.

लोक कोर्टवर धावले, हॅवलिचेकची जर्सी ओढून फाडली. सेल्टिक्स पुढे लेकर्सना हरवून सलग सातव्यांदा विजेते झाले. मोस्टच्या त्या ओरडण्याची ग्रामोफोन रेकॉर्डही निघाली.

1990 मध्ये आजारपणामुळे तो थांबला. गार्डनमध्ये मोठ्या खेळाडूंचे नंबर छताला टांगायची पद्धत होती. मोस्टला नंबर कुठला? त्याच्या जागी एक मायक्रोफोन कठड्याला कायमचा लावण्यात आला. 1993 च्या जानेवारीत तो गेला. पुढे ते गार्डनही पाडलं.

त्या पाच सेकंदांची फिल्म आहे. धूसर, काळीपांढरी, लांबून घेतलेली. ती जिथे दाखवतात तिथे खाली आवाज बहुतेक मोस्टचाच जोडतात. आम्हीही तेच केलंय.

(फिल्म सुरू. निवेदन बंद.)