लुपेरोन: वाऱ्याची वाट बघायला लावणारं बंदर

डोमिनिकन रिपब्लिकच्या उत्तर किनाऱ्यावर २०१५ साली अँबर कोव्ह नावाचं क्रूझ बंदर सुरू झालं. बोटीतून उतरलं की तरणतलाव, दुकानं, फिरवून आणणाऱ्या बसगाड्या, सगळं समोर मांडलेलं. तिथून किनाऱ्याने पश्चिमेकडे गेलात की लुपेरोन लागतं. तिथे तुमच्यासाठी कुणी काहीही मांडून ठेवलेलं नाही. तरीही शिडाच्या बोटी तिथे येतात आणि महिनोन्‌महिने हलत नाहीत.

याचं पहिलं कारण म्हणजे खाडी. तोंड अरुंद, आत गेल्यावर दोन फाटे, भोवती टेकड्या आणि खारफुटी. तळाशी चिखल असल्यामुळे नांगर रुतला की सुटत नाही. अटलांटिकची चक्रीवादळं जून ते नोव्हेंबर. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात, तशा तिथे याट या खाडीत आणून बांधतात. फक्त पाणी इतकं सकस की बोटीच्या बुडाला शिंपल्यांचा थर बघता बघता चढतो. खरवडायला पाण्यात उतरावंच लागतं आणि ते काम अतिशय कंटाळवाणं असतं.

दुसरं कारण वारा. व्यापारी वारे पूर्वेकडून येतात आणि बहुतेकांना जायचं असतं पूर्वेलाच, प्युर्तो रिकोकडे. दिवसभर वारा आणि लाटा तोंडावर घेऊन बोट पुढे सरकत नाही. रात्री मात्र डोंगर थंड होतात, जमिनीवरची हवा समुद्राकडे उतरते आणि किनाऱ्यालगत व्यापारी वाऱ्याचा जोर मोडतो. म्हणून जाणते लोक अंधारात निघतात, किनारा धरून जातात आणि उन्हं चढायच्या आत पुढचा आडोसा गाठतात. तेवढी रात्र मिळेपर्यंत गावात थांबायचं.

शिवाय कागद आहेच. देशातल्या देशात एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जायचं तरी नौदलाकडून ‘देस्पाचो’ घ्यावा लागतो. कुठून निघालात, कुठे जाणार, सगळं त्यात लिहिलेलं.

मला या थांबण्याचंच कौतुक आहे. क्रूझवाल्याला गावाकडून काही लागत नाही, त्याला फक्त बघायचं असतं. बोटवाल्याला पाणी लागतं, डिझेल लागतं, मेकॅनिक लागतो, धुणं धुणारी बाई लागते. मग ओळखी होतातच.

त्या ओळखींचा अड्डा म्हणजे कोलमादो, तिथलं किराणा दुकान. कपभर तेल मागा, दोन अंडी मागा, एक सिगारेट मागा, मिळतं. ओळखीच्याला उधारीही चालते. स्पीकरवर बाचाता, म्हणजे तिथलं लोकप्रिय संगीत, इतक्या मोठ्याने की भाव विचारायला काउंटरवर वाकावं लागतं. दारात डोमिनोची फळी, आणि सोंगटी ठेवायची नाही, आपटायची! वीज गेली तरी डाव थांबत नाही. बाहेर मोतोकोंचो, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकली. मागे बसणाऱ्याच्या मांडीवर गॅसची टाकी, हे दृश्य तिथे कुणी वळूनही बघत नाही.

गावाला नाव आहे ग्रेगोरियो लुपेरोन यांचं. स्पेनची सत्ता परत आली तेव्हा १८६३ ते १८६५ या काळात तिच्याशी लढून ती उलथवणाऱ्यांपैकी ते एक. आणि जून १९४९मध्ये हुकूमशहा त्रुहियोला पाडायला निघालेले निर्वासित समुद्री विमानाने याच खाडीत उतरले होते. मोहीम फसली.

जवळच ला इसाबेला आहे. कोलंबस दुसऱ्या सफरीत १७ जहाजं घेऊन आला आणि १४९४च्या जानेवारीत त्याने तिथे वसाहत मांडली. भूक, रोगराई, बंडाळी आणि तिथल्या मूळच्या ताइनो लोकांशी वैर यांनी ती पोखरली. १४९८पर्यंत ओस पडली. आज घरांच्या पायाच्या दगडी रेघा तेवढ्या दिसतात. जागा उत्तरेच्या वाऱ्याला सताड उघडी. इतकी झाकलेली खाडी जवळच असताना या माणसाने नांगर तिथे का टाकला, हे मला किनाऱ्यावर उभं राहूनही उमगलं नाही. इतिहासकार कारणं देतात, पण बोट हाकणाऱ्याला ती पटण्यासारखी नाहीत.